मोहोळाची चिन्हे आणि नवशिका मधपाळ : एक अर्थविचार

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला मधमाशी अपरिचित नाही. कार्ल फोन फ्रिश यांनी मधमाशीच्या नृत्याचा उलगडा केला, आणि फुलांची दिशा व अंतर त्या नृत्याच्या द्वारे इतर माश्यांना कळते, हे दाखवून दिले. या कार्याबद्दल १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यापूर्वीच, १९५२ मध्ये, एमिल बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी या नृत्याला ‘भाषा’ म्हणता येईल काय, या प्रश्नाची चिकित्सा केली होती, व तो संकेतव्यवहार असला तरी भाषा नव्हे असा निर्णय दिला होता. तेव्हापासून भाषाविचारात मोहोळ वारंवार दृष्टान्त म्हणून येते.

मोहोळाचा आणखी एक वाचक आहे, त्याचा विचार मात्र भाषाशास्त्रात सहसा होत नाही. तो म्हणजे मधपाळ. माश्यांचे नृत्य माश्यांसाठी असते; मधपाळाला उद्देशून मोहोळ काहीच सांगत नाही. तरीही पेटीच्या दारापाशी, तळफळीवर आणि पोळ्याच्या कप्प्यांत त्याला शेकडो चिन्हे दिसतात व त्यांवरून वसाहतीची स्थिती ओळखावी लागते. अनुभवी मधपाळाला हे वाचन सहज साधते. नवशिक्याचे वाचन चुकते, आणि त्या चुकीची किंमत वसाहतीला द्यावी लागते. नव्या पेटीतील अनपेक्षित अडचणी म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांपैकी पुष्कळशा अडचणी वस्तुतः चुकीच्या अर्थावरून केलेल्या उपायांतून उद्भवतात.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. पुण्यात १९६२ मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. अशा प्रयत्नांमुळे ज्यांनी पूर्वी पेटी हाताळलेली नाही अशी माणसेही या व्यवसायाकडे वळत आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्याने आणलेली पहिली पेटी वर्षाच्या आत रिकामी झाली, तर तो दुसरी सहसा आणत नाही. म्हणून वाचन कोठे व का चुकते, याचा शोध घेणे उपयुक्त ठरेल.

२. संदिग्ध चिन्ह आणि अर्थनिश्चय

शब्द अनेकार्थी असता त्याचा विवक्षित अर्थ कशावरून ठरवावा, हा प्रश्न भारतीय वैयाकरणांनी सविस्तर हाताळला आहे. भर्तृहरीच्या वाक्यपदीयाच्या द्वितीय कांडात अर्थनिश्चयाची जी कारणे दिली आहेत त्यांत साहचर्य, प्रकरण, देश आणि काल यांचा समावेश होतो. शब्द कोणाच्या सोबतीने आला आहे, कोणत्या संदर्भात आला आहे, कोठे आला आहे व केव्हा आला आहे, हे पाहिल्यावाचून अनेकार्थी शब्दाचा अर्थ ठरत नाही.

नैयायिकांनी हाच मुद्दा अनुमानाच्या संदर्भात मांडला आहे. जो हेतू साध्याबरोबर आढळतो आणि साध्याच्या अभावीही आढळतो, त्याला ते अनैकांतिक किंवा सव्यभिचार म्हणतात. अशा हेतूवरून काढलेले अनुमान टिकत नाही. मोहोळातील जवळजवळ प्रत्येक ठळक चिन्ह एकटे घेतले असता अनैकांतिक ठरते. कप्प्यात अंडी नसणे, एका कप्प्यात अनेक अंडी असणे, झाकणाला छिद्र असणे, तळफळीवर मेणाचा चुरा पडणे, दारात गर्दी होणे, यांपैकी प्रत्येकाचे दोन किंवा अधिक अर्थ संभवतात, आणि त्यांपैकी एक अर्थ बहुधा निरोगीपणाचा असतो. नवशिका चिन्ह पाहतो, हस्तपुस्तिकेत त्यासमोर लिहिलेला अर्थ वाचतो आणि उपाय करतो. कोश पाहून परभाषेतील वाक्य लावणाऱ्या विद्यार्थ्याची जी गत होते, तीच येथे होते.

३. ‘माश्या उठून गेल्या’ : एक वाक्य, दोन घटना

नव्या पेटीबाबत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘माश्या उठून गेल्या’. या एका वाक्यात दोन भिन्न घटना सामावतात, आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

पहिली घटना म्हणजे वसाहतीचे विभाजन. फुलोरा भरात येऊ लागला, पेटीत दाटी झाली, की वसाहत नव्या राणीच्या संगोपनाला लागते. जुनी राणी माश्यांचा एक थवा घेऊन बाहेर पडते. मागे पोळी, पिल्ले, मध व पुष्कळ माश्या राहतात. ही समृद्धीची खूण होय. दुसरी घटना म्हणजे स्थलत्याग. यात राणीसह सर्व माश्या पेटी सोडतात व मागे रिकामी पोळी राहतात. हे संकटाचे लक्षण होय. अन्नटंचाई, ऊन, मुंग्या, मेणकिडा किंवा माणसाचा वारंवार होणारा उपद्रव ही त्याची नेहमीची कारणे. महाराष्ट्रात पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी म्हणजे सातेरी. युरोपीय मधमाशीच्या तुलनेने तिच्या ठिकाणी स्थलत्यागाची प्रवृत्ती पुष्कळच अधिक आहे.

दोन्ही घटनांचे उपाय परस्परविरोधी आहेत. विभाजन टाळण्यासाठी जागा वाढवावी लागते. स्थलत्याग टाळण्यासाठी बहुधा ती कमी करावी लागते, म्हणजे माश्यांनी झाकली न जाणारी पोळी काढून घ्यावी लागतात. ‘माश्या उठून जातील’ एवढ्याच भीतीने दुर्बळ वसाहतीवर आणखी एक मजला चढविला, तर स्थलत्यागाला आमंत्रणच मिळते.

स्थलत्यागाची तयारी बहुधा आगाऊ दिसते. अंडी दिसेनाशी होतात, परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या कमी होतात, साठवलेला मध आटत जातो, आणि उरलेली पिल्ले बाहेर पडली की वसाहत निघून जाते. मात्र एकाएकी मोठा उपद्रव झाला, तर पिल्ले टाकूनही माश्या जातात. झाडाच्या ढोलीतील वा भिंतीतील मोहोळ नुकतेच पेटीत आणलेले असते, तेव्हा हा धोका विशेष असतो. मूळ पोळी कापून चौकटींना बांधलेली असतात. ती सांधून घेण्यास माश्यांना अंधार व स्वस्थता हवी असते. नेमक्या याच दिवसांत नवशिक्याचे कुतूहल तीव्र असते. तो रोज पेटी उघडतो, धुरी देतो, राणी शोधतो. पाचव्या-सहाव्या दिवशी पेटी रिकामी दिसते आणि दोष माश्यांच्या स्वभावावर जातो. पिल्ले असलेले पोळे पेटीत ठेवणे, संध्याकाळी साखरेचा पाक देणे, आणि काही दिवस दारावर राणीला अडविणारी जाळी बसविणे, एवढे करून पेटीला हात न लावणे हा येथे योग्य मार्ग होय. मात्र ज्या वसाहतीत राणी कुमारी आहे तेथे हीच जाळी घातक ठरते, कारण मीलनासाठी तिला बाहेर उडावेच लागते.

४. देश : परक्या पुस्तकाचा प्रमाद

हलत्या चौकटींच्या पेटीचा पाया लँगस्ट्रॉथ या अमेरिकन धर्मोपदेशकाने १८५१ मध्ये घातला. दोन पृष्ठांमध्ये माशीला ये-जा करण्याइतपत ठराविक अंतर राखले, तर माश्या ते पोळ्याने भरून टाकत नाहीत, हे त्याचे निरीक्षण होते. पुढे दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी देशी माशीच्या आकारमानाला अनुरूप अशी लहान पेटी प्रचारात आणली. तथापि मधपालनावरील बहुसंख्य पुस्तके युरोपीय मधमाशीविषयी लिहिलेली आहेत. ही माशी १९६२ मध्ये नगरोटा येथे भारतात यशस्वीपणे रुजविण्यात आली, व आज अनेक राज्यांत ती पाळली जाते. दोन्ही माश्यांच्या पेट्या दिसायला सारख्या. त्यामुळे एकीचे व्याकरण दुसरीला लावण्याचा मोह होतो.

त्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. उष्मा वाढला की कामकरी माश्या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालतात. युरोपीय माशीचे तोंड अशा वेळी दाराकडे असते; ती आतील हवा बाहेर ओढते. सातेरीचे तोंड बाहेरच्या बाजूस असते. ती बाहेरील हवा आत लोटते. परके पुस्तक वाचलेल्या नवशिक्याला बाहेर तोंड करून फडफडणाऱ्या या माश्या उडण्याच्या तयारीत आहेत असे वाटते, आणि पेटीवर सावली करण्याऐवजी तो दार बंद करू पाहतो. उष्म्याने त्रस्त वसाहतीला यासारखा दुसरा अपाय नाही.

मेणाच्या छापील पत्र्यांचेही तेच. युरोपीय माशीसाठी तयार केलेल्या पत्र्यावरील कप्पे सातेरीच्या कामकरी माशीच्या कप्प्यांपेक्षा मोठे असतात. असा पत्रा सातेरीला दिला तर तिचे बांधकाम बिघडते, आणि नवशिक्याला ती ‘आळशी’ वाटते.

तिसरे उदाहरण व्हरोआ या सूक्ष्म परजीवी किडीचे. या वर्गातील पहिल्या जातीचे वर्णन १९०४ मध्ये जावा बेटातील देशी आशियाई मधमाशीवरून झाले. युरोपीय वसाहतींचा संहार करणारी जाती वेगळी असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले व तिला ‘संहारक’ या अर्थाचे नाव मिळाले. आशियाई माशीच्या वसाहतीत या किडीची वाढ मुख्यत्वे नरांच्या पिल्लांपुरती मर्यादित राहते, व वसाहत तिच्यासह नांदते. परक्या पुस्तकात व्हरोआ दिसणे म्हणजे मृत्यूची सूचना. सातेरीच्या पेटीत ते तसे नव्हे. पुस्तकावर विसंबून सातेरीच्या पेटीत तीव्र औषध घालणाऱ्याकडून रोगाहून मोठा अपाय होण्याचा संभव असतो.

५. साहचर्य : तळफळी आणि दार

तळफळीवर मेणाचा चुरा दिसला की नवशिक्याच्या मनात प्रथम मेणकिड्याची शंका येते. ती रास्त आहे. परंतु सातेरी आपली जुनी, काळी पडलेली पोळी स्वतःच कुरतडून टाकते व तेथे नवी बांधते. तिने पाडलेला चुरा कोरडा व सुटा असतो. मेणकिड्याच्या चुऱ्यासोबत रेशमासारखे धागे, पोळ्यातून गेलेले जाळीदार बोगदे आणि काळसर विष्ठेचे कण असतात. चुरा हे चिन्ह दोन्हीकडे समान आहे. अर्थ ठरतो तो धाग्यांच्या साहचर्याने. धागे असले तरी मेणकिडा हे बहुधा मूळ कारण नसून परिणाम असतो. सशक्त वसाहत त्याला थारा देत नाही. माश्या कमी व पोळी जास्त अशी स्थिती झाली की तो शिरकाव करतो. म्हणून अळ्या वेचण्याबरोबर रिकामी पोळी काढून घेणे, तळफळी नियमाने साफ करणे आणि वसाहत अशक्त का झाली याचा शोध घेणे आवश्यक असते.

दारातील गर्दीही अशीच द्व्यर्थी आहे. दुपारच्या उन्हात तरुण माश्यांचा घोळका पेटीसमोर हेलकावे घेत उडतो. त्यांची तोंडे पेटीकडे असतात. घराची जागा ओळखण्याचा हा त्यांचा पाठ असतो आणि थोड्या वेळात तो आपोआप संपतो. परक्या वसाहतीच्या माश्यांनी मध लुटण्यास आरंभ केला की तेव्हाही दारात गर्दी होते. पण तेव्हा फळीवर झटापटी दिसतात, लुटारू माश्या फटी हुंगत फिरतात, आणि ही धावपळ दिवसभर चालू राहते. पहिल्या प्रसंगी काहीच करावयाचे नसते. दुसऱ्या प्रसंगी दार ताबडतोब अरुंद करावे लागते. लुटीचे निमित्त पुष्कळदा मधपाळाचेच असते: टंचाईच्या दिवसांत भर दुपारी पाक दिला जातो, तो सांडतो, आणि वास चहूकडे पसरतो.

माश्यांचा गोळा हे आणखी एक चिन्ह. फळीवर पन्नास-शंभर माश्या एकमेकींना बिलगून गोळा झालेल्या दिसल्या, तर आत गांधीलमाशी असण्याचा संभव असतो. आशियाई मधमाश्या शत्रूला वेढून स्नायूंच्या कंपनाने आतील तापमान सुमारे ४६ अंश सेल्सियसपर्यंत नेतात. ते गांधीलमाशीला सहन होत नाही, मधमाशीला होते. असा गोळा मोडणे म्हणजे वसाहतीचे संरक्षण मोडणे होय. परंतु परकी किंवा नको असलेली राणीही माश्या अशाच रीतीने वेढतात. नुकतीच नवी राणी दिलेल्या पेटीतील गोळा आणि गांधीलमाश्यांच्या दिवसांत दारावर दिसलेला गोळा यांचा अर्थ एक नव्हे. येथे भर्तृहरीचे प्रकरण, म्हणजे पूर्वसंदर्भ, निर्णायक ठरते.

दारापुढे मेलेल्या माश्यांचेही तसेच. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य काही आठवड्यांचेच असल्यामुळे रोज थोड्या माश्या मरणे स्वाभाविक आहे. फुलोरा ओसरला की वसाहत नरांना हाकलते. तेव्हा दारापुढे जाडसर नरांचा खच पडतो आणि नवशिक्याला साथ आल्याचा भास होतो. परंतु एकाच दिवशी कामकरी माश्यांचा ढीग पडला, त्यांच्या पायांवर परागाचे गोळे तसेच असले व जिभा बाहेर आल्या असल्या, तर जवळच्या शेतात कीटकनाशक फवारले गेले असावे असे अनुमान होते. यावरचा उपाय पेटीत नसून शेजारच्या शेतकऱ्याशी बोलण्यात आहे. फवारणी संध्याकाळी, फुलांवरची वर्दळ थांबल्यावर केली तर पुष्कळ हानी टळते.

६. कप्प्यांतील अक्षरे

वसाहतीचा खरा मजकूर कप्प्यांत असतो. नवशिका राणी पाहण्यासाठी धडपडतो व ती न दिसल्यास घाबरतो. वस्तुतः राणी दिसण्याची गरज क्वचितच असते. अंडे तीन दिवसांत फुटते. कप्प्याच्या तळाशी एकेक अंडे व्यवस्थित ठेवलेले दिसले, तर तीन दिवसांपूर्वीपर्यंत अंडी घालणारी राणी तेथे होती, एवढे त्यावरून निश्चित होते. अंडे उभे असल्यास ते ताजे, आडवे झालेले असल्यास फुटण्याच्या बेतात आलेले.

अंडी न दिसण्याचे निदान चार अर्थ संभवतात. राणी मेली असेल. नवी राणी जन्मून तिने अद्याप अंडी घालण्यास आरंभ केला नसेल. अन्नटंचाईमुळे जुन्या राणीने अंडी घालणे थांबविले असेल. किंवा स्थलत्यागाची तयारी चालू असेल. पराग येत असला, माश्या शांत असल्या आणि पोळ्याच्या मध्यभागी कप्पे घासून स्वच्छ ठेवलेले असले, तर दुसरा अर्थ संभाव्य. मध आटत असला व पराग बंद झाला असला, तर तिसरा किंवा चौथा.

एका कप्प्यात अनेक अंडी दिसली तर राणीहीन वसाहतीतील कामकरी माश्या अंडी घालू लागल्या असाव्यात, असे हस्तपुस्तिका सांगते. सातेरीत राणी गेल्यावर ही अवस्था युरोपीय माशीपेक्षा लवकर येते. या माश्यांचे मीलन झालेले नसल्यामुळे त्यांच्या अंड्यांतून केवळ नर निपजतात, आणि वसाहत हळूहळू संपते. परंतु नुकतीच अंडी घालू लागलेली तरुण राणीही पहिले काही दिवस एका कप्प्यात दोन-तीन अंडी घालते. भेद अंड्यांच्या जागेत आहे. राणीचे लांब उदर कप्प्याच्या तळापर्यंत पोचते. कामकरी माशीचे पोचत नाही, म्हणून तिची अंडी भिंतींना अस्ताव्यस्त चिकटलेली असतात. पुढे कामकरी माशीच्या लहान कप्प्यांवर नराची उंच झाकणे दिसू लागली की शंकेस जागा उरत नाही. कामकरी माश्या अंडी घालू लागल्या असतील तर ती वसाहत नवी राणी सहसा स्वीकारत नाही. तिला राणी असलेल्या दुसऱ्या वसाहतीत मिसळणे हाच बहुधा मार्ग असतो. तरुण राणी असेल तर आठवडाभर थांबणे एवढाच उपाय. अर्थ उलटा लावल्यास पहिल्या प्रसंगी वसाहत वाट पाहण्यातच संपते, दुसऱ्या प्रसंगी चांगल्या राणीचा बळी जातो.

राणीसाठी बांधलेले लांबोळे, खाली लोंबणारे कप्पे दिसले की ‘विभाजन टाळण्यासाठी ते खुडावेत’ हा सल्ला नवशिक्याला आठवतो. पण ते कोठे आहेत? भरभराटीच्या वसाहतीत पोळ्याच्या खालच्या कडेला असे अनेक कप्पे असतील, तर विभाजनाचा अर्थ योग्य. पोळ्याच्या मधोमध, कामकरी माशीच्या साध्या कप्प्यांतूनच ते वाढविलेले असतील, तर राणी एकाएकी नाहीशी झाली असून वसाहत नवी राणी घडवीत आहे. एखाद-दुसराच कप्पा असेल व जुनी राणी अंडी घालीत असेल, तर ती राणीबदलाची तयारी होय. दुसऱ्या प्रसंगी हे कप्पे खुडणे म्हणजे वसाहतीची शेवटची आशा हाताने नष्ट करणे.

झाकणावरील छिद्राचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. सातेरीच्या नराच्या झाकणाला मधोमध एक सुबक छिद्र असते. ते तिच्या जातीचे लक्षण आहे, रोग नव्हे. कामकरी पिल्लाचे झाकण पुरे व्हावयाचे असतानाही मध्ये छिद्र दिसते. परंतु झाकणे खचलेली, वेडीवाकडी कुरतडलेली असतील, आणि आतील अळी डोके वर करून पिशवीसारखी फुगलेली किंवा पुढे वाळून होडीसारखी झालेली असेल, तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग होय. १९९१–९२ मध्ये या रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यावर औषध नाही. आजारी पेटी वेगळी ठेवणे, तिच्या चौकटी व मध दुसऱ्या पेटीला न देणे, काही काळ राणीला अडवून पिल्लांची साखळी तोडणे, आणि तग धरलेल्या वसाहतींपासून पुढील पैदास करणे, एवढेच हाती असते. निरोगी छिद्राला रोग समजणाऱ्याची पेटी विनाकारण मोडते. रोगाला निरोगी छिद्र समजणाऱ्याच्या सर्व पेट्या धोक्यात येतात.

७. काल : ऋतुमान आणि टिपणवही

एकच चिन्ह फेब्रुवारीत एक अर्थ देते आणि जुलैत दुसरा. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळा हा टंचाईचा काळ असतो. मुसळधार पावसात माश्या बाहेर पडू शकत नाहीत. राणी अंडी कमी घालते किंवा थांबते. तेथे जुलैतील रिकामे कप्पे पाहून राणी मेली असे मानणे म्हणजे कालाचा विचार सोडणे होय. या महिन्यांत पेटी उघडण्यापेक्षा तिच्यात पाणी शिरणार नाही याची काळजी घेणे, साखरेचा पाक देत राहणे आणि पेटीखालच्या स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून मुंग्यांना अटकाव करणे अधिक महत्त्वाचे. उलट जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्याच्या दिवसांत अंडी न दिसणे ही तातडीने लक्ष देण्याची गोष्ट आहे. कारवीचा फुलोरा तर सात-आठ वर्षांनी एकदाच येतो. त्या वर्षीची भरभराट पाहून पुढील वर्षाचा अंदाज बांधणे धोक्याचे.

यासाठी टिपणवही हवी. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास सातेरीत सुमारे वीस दिवस लागतात. नराला त्याहून अधिक व राणीला कमी. अंडी, अळ्या, झाकलेली पिल्ले यांची नोंद दिनांकासह ठेवली, तर आजच्या पोळ्यावरून मागील तीन आठवड्यांचा इतिहास वाचता येतो. आठ-दहा दिवसांनी एकदा केलेली व लिहून ठेवलेली तपासणी रोजच्या न लिहिलेल्या तपासणीपेक्षा अधिक सांगते, आणि वसाहतीला त्रासही कमी देते.

८. पर्यायन्यास

साहचर्य, प्रकरण, देश, काल यांचा विचार करूनही अर्थ ठरत नाही असे प्रसंग उरतात. अशा वेळी भाषाशास्त्रज्ञ पर्यायन्यासाचा आश्रय करतो. उक्तीतील एक घटक बदलून अर्थ बदलतो किंवा नाही हे पाहतो. मधपाळांची एक जुनी परीक्षा तत्त्वतः हेच करते. राणी आहे की नाही याची शंका असता दुसऱ्या निरोगी पेटीतील, अंडी व अगदी लहान अळ्या असलेली एक चौकट शंकित पेटीत ठेवतात व दोन-तीन दिवसांनी पाहतात. माश्यांनी तिच्यावर राणीचे कप्पे बांधण्यास आरंभ केला, तर पेटीत राणी नाही. बांधले नाहीत, तर बहुधा आहे. या परीक्षेत तोटा फारसा नाही. राणी नसेल तर ती घडविण्याची सामग्रीच वसाहतीला मिळते. असेल तर थोड्या पिल्लांची भर पडते.

या परीक्षेला दुसरी पेटी लागते. नवशिक्याने आरंभ एका पेटीने न करता दोन पेट्यांनी करावा, या सल्ल्याचे मर्म येथे आहे. एकाच पेटीत पराग कमी झाला तर दोष पेटीत की हंगामात, हे सांगता येत नाही. शेजारच्या पेटीतही तो कमी झाला असेल तर तो हंगाम. तेथे येत असेल तर तो पेटीचा दोष. एकच अंग सोडून बाकी सर्व समान असलेल्या जोडीवाचून भेदक घटक हाती लागत नाही, हे वर्णविचाराच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको.

९. समारोप

वरील विवेचनात भाषेची उपमा वापरली असली तरी तिची मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. शब्द हा कोणीतरी कोणासाठी तरी उच्चारलेला असतो. मेणाचा चुरा तसा नसतो. त्यामागे विवक्षा नाही, केवळ कारण आहे. म्हणून मधपाळाचा अर्थनिश्चय हा शेवटी कार्यावरून कारणाचा निश्चय होय, आणि तो चुकल्यास सुधारून सांगणारा वक्ता समोर नसतो. भाषेत गैरसमज झाला तर पुन्हा विचारता येते. मोहोळाला विचारावयाचे तर चौकट ठेवून दोन दिवस थांबावे लागते.

यावरून नवशिक्याच्या शिक्षणाविषयी एक निष्कर्ष निघतो. चिन्हासमोर अर्थ व अर्थासमोर उपाय अशी कोष्टके पुरेशी नाहीत. प्रत्येक चिन्हाचे सर्व संभाव्य अर्थ आणि त्यांना वेगळे करणारे सहचर चिन्ह ही माहिती एकत्र दिली पाहिजे, व ती सातेरीची, स्थानिक फुलोऱ्याची आणि स्थानिक पावसाळ्याची असली पाहिजे. अशी मांडणी मराठीत व्हावयाची तर अनुभवी मधपाळांचे शब्द प्रथम नोंदविले जाणे आवश्यक आहे. विभाजन आणि स्थलत्याग, निरोगी चुरा आणि किड्याचा चुरा, एका कप्प्यातील राणीची अंडी आणि कामकरी माशीची अंडी, यांचे भेद त्यांच्या बोलण्यात कसे व्यक्त होतात, हा बोलीभाषेच्या अभ्यासकांसाठी संग्रहणीय विषय आहे. डोंगरकपारीत मोहोळे शोधणाऱ्या व पेट्या सांभाळणाऱ्या जुन्या पिढीतील माणसे आहेत तोपर्यंतच हे काम होऊ शकेल. त्याचा लाभ शब्दसंग्रहाला होईल, तसाच पहिली पेटी उघडून गोंधळलेल्या माणसालाही होईल.